तुर्भे ते तुर्भे, मार्गे तुर्भे

मी रद्दी विकली ती १९९४ साली. तिचे सव्वीस रुपये आले. ते सव्वीस रुपये मी अजून फेडतो आहे.

त्याचं असं झालं, की लालबागच्या चाळीतली दीड खोली सोडून आम्ही तुर्भ्याला सिडकोच्या घरात राहायला निघालो. सामानाची वाटणी झाली. भांडीकुंडी, गाद्या, मुलं आणि देव सौ.कडे, कागदपत्रं माझ्याकडे. मी सरकारी कचेरीतला माणूस. कागदांची विल्हेवाट लावणं एवढं एकच काम मला खऱ्या अर्थानं येतं. ते मी तासाभरात उरकलं. संध्याकाळी सौ.नं विचारलं, ‘‘कपाटावरचा गठ्ठा कुठाय हो?’’ मी मोठ्या अभिमानानं सव्वीस रुपये तिच्या हातावर ठेवले.

त्या गठ्ठ्यात १९७८ सालचा एक दिवाळी अंक होता आणि त्या अंकात तिची गोष्ट छापून आली होती. लग्नाआधीची, माहेरच्या नावानं, आणि आयुष्यातली एकुलती एक.

त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. संसार केलेल्या वाचकांना मी यापुढे काही सांगायची गरज नाही. जे बोलणं रोखीनं झालं नाही ते हप्त्यानं सुरू झालं. चष्मा सापडत नाही म्हटलं, की स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘‘रद्दीत गेला असेल.’’ छत्री, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, किल्ली, सगळं रद्दीत. एकदा पाहुण्यांनी विचारलं, ‘‘तुमचे थोरले बंधू हल्ली दिसत नाहीत?’’ तर हिनं चहाचा कप पुढे करत तेच उत्तर दिलं.

आणखी एक भानगड आहे, ती मी आजवर कोणाला सांगितलेली नव्हती. आमचं लग्न १९८१ सालचं. म्हणजे तो अंक तेरा वर्षं घरात होता, आणि तेरा वर्षांत मी ती गोष्ट वाचलेली नव्हती. पहिल्या वर्षी नव्या नवलाईत राहिलं. मग मुलं झाली. मग वाटायला लागलं, की आता इतक्या वर्षांनी वाचली तर आजवर वाचली नव्हती हे उघड होईल. तेव्हा न वाचणंच सभ्यपणाचं. तिनंही कधी विचारलं नाही.

तर मागच्या वर्षी मुलानं मला नवा मोबाईल घेऊन दिला आणि घरबसल्या वस्तू कशा मागवायच्या ते शिकवलं. त्यानं शिकवलं बनियन मागवायला. पण एका रात्री सहज ‘जुने दिवाळी अंक’ असं टाईप केलं आणि पुण्याच्या एका जुन्या पुस्तकवाल्याचं दुकानच पडद्यावर उघडलं. १९७८ चे अंक सहा होते. आता मुखपृष्ठावरून ओळखायचं म्हणाल, तर काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपले चित्रकार पणती हातात घेतलेली बाई काढत आले आहेत. सहापैकी चार अंकांवर तीच बाई होती. पण दुकानदार भला माणूस. त्यानं अनुक्रमणिकेचेही फोटो टाकले होते. तिसऱ्या अंकाच्या अनुक्रमणिकेत, पान १४३, सौ.चं माहेरचं नाव! मी अंथरुणात उठून बसलो. ‘‘काय झालं?’’ ‘‘काही नाही, गॅस.’’

मूळ किंमत आठ रुपये, आता साडेतीनशे, टपालहशील साठ. एकूण चारशे दहा. शिल्लक प्रत एक. मी पैसे भरले, आणि तिला आयत्या वेळी आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून कोणाला काही बोललो नाही. धक्का कोणाला बसायचा होता, ते नियतीनं तेव्हाच ठरवलं असणार.

मोबाईलवर माल कुठपर्यंत आला ते दिसतं. ही सोय ज्यानं काढली त्याला रक्तदाबाचा विकार नसावा. पार्सल पुण्याहून निघालं. एक्स्प्रेसवेनं कळंबोलीला आलं. तिथून सरळ आलं असतं तर अर्ध्या तासात आमच्या दारात. पण ते भिवंडीला गेलं. भिवंडीला गोदामं आहेत, आणि हल्ली कोणत्याही पार्सलाला भिवंडीचं दर्शन घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दोन दिवस तिथं मुक्काम करून ते निघालं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी संदेश आला, ‘आपलं पार्सल ट्रॉम्बे केंद्रात पोहोचलं आहे.’

ट्रॉम्बे? मी मोबाईल घेऊन तळमजल्यावर मास्तरांकडे गेलो.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, टपालखात्यातले. निवृत्त पोस्टमास्तर. खाजगी कुरिअरवाल्यांकडून काही हरवलं की त्यांना दोन पोळ्या जास्त जातात. त्यांनी संदेश वाचला आणि चेहऱ्यावर अशी प्रसन्नता पसरली, की मला त्यांचं अभिनंदन करावंसं वाटलं.

‘‘बरोबर आहे,’’ ते म्हणाले, ‘‘ट्रॉम्बे म्हणजे तुर्भेच.’’

ही गोष्ट तीस वर्षं तुर्भ्यात राहून मला ठाऊक नव्हती. खाडीच्या पलीकडे, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे ते ट्रॉम्बे, त्याचं मूळ मराठी नावही तुर्भे. वाशीच्या पुलावरून मुंबईकडे जाताना डाव्या हाताला डोंगर दिसतो, तो त्या तुर्भ्याचा. साहेबाला तुर्भे म्हणता येईना, तो ट्रॉम्बे म्हणाला. आमच्या तुर्भ्याकडे साहेबाचं लक्ष गेलं नाही, म्हणून आमचं तुर्भे तुर्भेच राहिलं. दोघांच्या मधे ठाण्याची खाडी.

‘‘आणि पोलादपूर तालुक्यात तुर्भे बुद्रुक आहे, तुर्भे खुर्द आहे,’’ मास्तर उत्साहानं म्हणाले, ‘‘तिकडे नाही गेलं हे नशीब समजा. अहो, एका नावाची छप्पन्न गावं, पत्ते दहा लिप्यांत. म्हणून तर १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला. आणला कोणी? श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. आपला मराठी माणूस. संस्कृतचा पंडित, संस्कृतात नाटकं लिहायचा. सहा आकड्यांत सगळा हिंदुस्थान बसवला! पहिला आकडा चार म्हणजे आपला मुलूख, शेवटचे तीन म्हणजे नेमकं पोस्ट. तुमच्या पाकिटावर पिन कोड होता का?’’

‘‘होता.’’

‘‘मग वाचला कोणी नाही,’’ मास्तरांनी निकाल दिला. ‘‘आता २०२५ साली आमच्या खात्यानं डिजीपिन काढलाय. दहा अक्षरी. चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला एक नंबर. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघराला वेगळा आणि बाल्कनीला वेगळा. पण वाचणार कोण? प्रश्न तोच.’’

पार्सल खाडी ओलांडून अलीकडे आलं, हे मात्र खरं. कारण पुढचे तीन दिवस रोज सकाळी ‘आज मिळेल’ आणि रोज संध्याकाळी ‘ग्राहक घरी नव्हता’ असे संदेश येत राहिले. मी ते तीन दिवस घरीच होतो. नुसता घरी नव्हतो, खिडकीत होतो. सौ.नं दोनदा येऊन मी कोणाकडे बघतो आहे ते पाहून घेतलं. समोरच्या गच्चीवर एक म्हातारे गृहस्थ सूर्यनमस्कार घालत होते, तेव्हा तिचं समाधान झालं.

चौथ्या दिवशी संदेश आला: ‘पार्सल पोहोचलं. घेणारा: स्वतः.’

स्वतः म्हणजे मी. मी हात पाहिले. रिकामे होते. तुम्हाला कधी असा अनुभव आला आहे का मला माहीत नाही. पण स्वतःला वस्तू मिळाली असल्याचं लेखी आल्यावर पहिल्यांदा मनात येतं ते, ‘मिळाली असेल आणि आपण विसरलो असू.’ मी गादीखाली पाहिलं. फ्रिजच्या वर पाहिलं.

‘‘काय शोधताय?’’

‘‘काही नाही.’’

‘‘रद्दीत गेलं असेल.’’

मी बाल्कनीचं दार लावून कुरिअरच्या कचेरीत फोन केला. पंचवीस मिनिटं सनई ऐकली. तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई अधूनमधून सांगत होती. लग्नकार्यातही इतका वेळ इतक्या अगत्यानं कोणी ताटकळत ठेवत नाही. मग एक मुलगी आली. आवाजावरून पंचविशीची, आणि दिवसभर शिव्या खाऊन अतिशय नम्र झालेली.

‘‘सर, सिस्टीममध्ये दिसतंय की पार्सल तुम्हाला मिळालंय.’’

‘‘मी सांगतोय ना, मिळालेलं नाही.’’

‘‘हो सर. पण सिस्टीममध्ये मिळालंय.’’

‘‘मग सिस्टीमला विचारा मी ते कुठे ठेवलंय.’’

ती क्षणभर हसली, आणि लगेच नोकरीची आठवण होऊन गंभीर झाली. म्हणाली, ‘‘तक्रार नोंदवते. वस्तू सापडली नाही तर पूर्ण पैसे परत मिळतील सर.’’

हे सगळे लोक पैसे परत द्यायला किती उत्सुक असतात! चारशे दहा रुपये. मला सव्वीस रुपये आठवले. म्हटलं, ‘‘बाई, पैसे नकोत. ती एकच प्रत होती. तिच्यात माझ्या बायकोची गोष्ट आहे.’’

पलीकडे जरा वेळ शांतता. मग ती म्हणाली, ‘‘सर, मी ‘वस्तू मौल्यवान’ असा शेरा मारते.’’ एवढंच तिच्या हातात होतं आणि तेवढं तिनं केलं, असं मी मानतो.

मास्तरांनी मला कायदा सांगितला. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्सचे नियम २०२० साली आले. त्याप्रमाणे तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते आणि निवारण महिन्याभरात. शिवाय १९१५ हा ग्राहकांचा राष्ट्रीय फोन आहेच. पोच मला छत्तीस तासांतच आली. पोच सुंदर होती. पार्सलाचा तेवढा उल्लेख नव्हता.

‘‘तुमच्या वेळी हरवायचं नाही का काही?’’ मी मास्तरांना जरा चिडूनच विचारलं.

‘‘हरवायचं तर!’’ मास्तर म्हणाले. ‘‘आणि १८९८ च्या कायद्यानं हरवल्याची जबाबदारी सरकारवर नव्हतीच. तो कायदा जाऊन २०२४ पासून नवा लागू झाला. पण जबाबदारी नाही म्हणून शोधणं सोडायचं असं नव्हतं हो. ज्याचा पत्ता लागत नाही, त्या पत्रांसाठी वेगळी कचेरी. पूर्वी तिला डेड लेटर ऑफिस म्हणत. मेलेलं पत्रसुद्धा उघडून, आत पाठवणाऱ्याचा पत्ता सापडतो का बघायचे. आणि व्ही. पी.! १८७७ पासून. वस्तू हातात पडल्यावर पैसे. तुम्ही आधी पैसे दिलेत, तिथंच चुकलात.’’

व्ही. पी.चं नाव निघताच माझ्या डोळ्यांपुढे जुन्या मासिकांच्या जाहिराती आल्या. केसांचं तेल, घड्याळं, ‘व्ही. पी.ने मागवा’. आमच्या काकांनी व्ही. पी.ने दुर्बीण मागवली होती. ती आली. तिच्यातून काही दिसत नव्हतं, पण ती आली.

‘‘फोटो आहे का?’’ मास्तरांनी मधेच विचारलं. ‘‘हे लोक हल्ली दाराशी ठेवल्याचा फोटो काढतात.’’

फोटो होता. मी संदेशाखालचं ते छोटं चित्र बघितलंच नव्हतं. मास्तरांनी भिंग आणलं. फोटोत आमचं पाकीट होतं, एक कोपरा फाटलेलं. ते निळ्या लोखंडी शटरला टेकून उभं होतं. बाजूला कोल्हापुरी चप्पल घातलेला एक पाय. पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. आणि जमिनीवर काहीतरी तांबूस, पातळ पसरलेलं.

‘‘रांगोळी?’’ मी म्हटलं.

‘‘कांद्याची सालं,’’ मास्तर म्हणाले. त्या क्षणी त्यांच्या हातात पाईप असता तर शोभला असता. ‘‘मार्केट. तुमच्या घराचा नंबर आणि तिथल्या एखाद्या गाळ्याचा नंबर एकच असणार. जा.’’

तुर्भ्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मुंबईचा कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ साली मुंबईतून उठून आमच्याकडे आला. त्याच्यामागून मसाले, धान्य, भाजी, फळं. जग त्याला वाशीचं मार्केट म्हणतं, पण ते उभं आहे तुर्भ्यात. मुंबई सकाळी जे खाते ते रात्री आमच्या उशाशी ट्रकमधून उतरतं. मार्गशीर्षात शेवग्याच्या शेंगा कुठल्या भावानं गेल्या हे मला झोपेत ऐकू येतं. लासलगावचं पोतं, जुन्नरचं पोतं, लाखोंनी पोती, आणि त्यांच्यावर शाईचा एक मार्का. तेवढ्यावर ती बरोबर आपापल्या गाळ्यात जातात. आणि माझं पावशेर-अर्धा शेराचं पाकीट सहा आकडी पिन कोड घेऊन तीन जिल्हे हिंडलं.

मी दुपारी दोनला गेलो. पहाटेपासूनचा धंदा आटपून बाजार आडवा झालेला असतो. पोत्यांवर हमाल झोपलेले. मी एकाला जागं केलं (हे धाडस मी पुन्हा करणार नाही) आणि फोटो दाखवला. त्यानं शटरकडे पाहिलं नाही, पाकिटाकडे पाहिलं नाही.

‘‘ह्यो तर आमच्या मुकादमाचा पाय,’’ तो म्हणाला.

गाळ्याचा नंबर खरंच आमच्या घराचा होता. गादीवर मेहताजी बसले होते. मी पाकीट म्हणताच त्यांनी चोपडी उघडली. ‘‘आपल्याकडे आलेला माल लिहिल्याशिवाय ठेवत नाही,’’ ते म्हणाले आणि बोट ठेवून वाचू लागले. ‘‘पाकीट, नग एक. वजन चारशे वीस ग्रॅम. एक बाजू फाटकी. मालक येणार.’’

त्यांनी ते तोलून घेतलं होतं! मला मेहताजींना मिठी मारावीशी वाटली. साऱ्या प्रवासात माझ्या पार्सलाबद्दल प्रथमच कोणीतरी खरं लिहून ठेवलं होतं.

‘‘कुरिअरचं पोरगं म्हणालं, तुमचंच का? म्या म्हटलं, ठेव,’’ मागून आवाज आला. मुकादम. साठीकडे झुकलेला, पाटण तालुक्यातला माणूस. माथ्यावर ओझं वाहून जगणारा माथाडी. १९६९ सालचा माथाडी कायदा ज्यांच्यासाठी अण्णासाहेब पाटलांनी भांडून मिळवला, त्यांच्यापैकी. अंगठ्याला चिंधी होतीच. त्याच्या हातात अंक होता. पान मुडपू नये म्हणून मधे हमालीची चिठ्ठी घातलेली.

‘‘पाकीट फाटकं हुतं काका. दुपारचं काय काम नसतं, म्हणून चाळला. रागावू नका.’’

‘‘छे छे.’’

‘‘त्यातली एक गोष्ट दोनदा वाचली. लई आवडली. ही बघा.’’

पान १४३.

मी म्हटलं, ‘‘ही... ही आमच्या मंडळींनी लिहिलेली आहे.’’

मुकादमानं आधी अंकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्यात त्याला त्या गोष्टीच्या लायकीचं काही दिसलं नसावं, पण तो सभ्य माणूस. हमालांना हाका मारून त्यानं सांगितलं, ‘‘अरे, हे त्या विरारच्या गोष्टीवाल्या बाईंचं मालक!’’ दोघं-तिघं उठून बसले. म्हणजे गाळ्यात वाचन झालं होतं. मग तो माझ्याजवळ सरकून म्हणाला, ‘‘मला वाटलं हुतं ती शेवटी घरी सांगंल. पर सांगतच न्हाई. तुम्हाला पटला का शेवट?’’

मी गप्प. आयुष्यात अनेक परीक्षांना न वाचता बसलो आहे, पण कांद्याच्या गाळ्यात असा सापडेन असं वाटलं नव्हतं.

‘‘पटला,’’ मी म्हटलं.

‘‘मला न्हाई पटला,’’ मुकादम म्हणाला. ‘‘पर विसरत बी न्हाई.’’

त्यानं चहा मागवला. मी पोत्यावर बसलो आणि सत्तेचाळीस वर्षं उशिरानं ती गोष्ट वाचली. साडेपाच पानं होती. फोर्टातल्या कचेरीत टंकलेखन करणारी एक मुलगी. रोजची लोकल, रोजचा लेडीज डबा, रोजचं स्टेशन. एक दिवस घरी जाताना ती आपल्या स्टेशनवर उतरतच नाही. मुद्दाम नव्हे, नुसती उठत नाही. थेट विरारपर्यंत जाते. तिथल्या बाकावर बसून डबा उघडते, उरलेली पोळी खाते, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघते, आणि पुढच्या गाडीनं घरी येते. उशीर का झाला म्हणून आई विचारते. ती म्हणते, ‘गाड्या लेट होत्या.’ बस्स. एवढीच गोष्ट.

सौ. लग्नाआधी फोर्टात टायपिस्ट होती. मला हे ठाऊक होतं. स्पीड किती होता तेही ठाऊक होतं.

चहा गार झाला. मेहताजींनी चोपडीत ‘माल मालकास पोहोचला’ असं लिहून माझी सही घेतली. घेणारा: स्वतः.

घरी आलो तर सौ. गवार मोडत बसली होती. मी काही न बोलता अंक तिच्यापुढे ठेवला. तिनं हात पदराला पुसले. पणतीवाल्या बाईकडे बघितलं, मग नेमकं १४३ वं पान काढलं आणि चष्मा वर करून एका ओळीवर बोट ठेवलं.

‘‘ऱ्हस्व-दीर्घाची चूक तशीच आहे अजून,’’ ती म्हणाली. आवाज जरा वेगळा होता. पानात हमालीची चिठ्ठी होती. ती तिनं काढली नाही.

मी विचारलं, ‘‘तू विरारला खरंच गेली होतीस का गं?’’

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

‘‘म्हणजे वाचलीत तर,’’ ती म्हणाली.

‘‘आज वाचली.’’

‘‘कुठे?’’

‘‘कांद्याच्या गाळ्यात. पोत्यावर बसून.’’

‘‘तरीच डोळे लाल झालेत,’’ ती म्हणाली. मग पुन्हा गवार हातात घेत, ‘‘आणि कांदे कुठायत?’’